कढईतून टाकीत

मराठी घरात तेल वाया जात नाही. त्याची बदली होते. दिवाळीच्या आधी पिशवी फोडून कढईत ओतलेलं तेल म्हणजे नुकताच रुजू झालेला अधिकारी. पहिली नेमणूक करंजी, चिरोटे अशा नाजूक खात्यात. तिथून चकलीकडे, चकलीकडून शेवेकडे. शेव झाली की तळाशी काळा गाळ बसतो आणि अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचं तेज जातं. मग गाळणीतून चौकशी होऊन त्याची रवानगी स्टीलच्या डब्यात. हा डबा गॅसच्या मागच्या कोपऱ्यात असतो, त्याचं झाकण हरवलेलं असतं आणि त्यावर ताटली असते. तिथून रोजच्या फोडणीला, थालिपिठाला, अवचित आलेल्या पाहुण्याच्या पापडाला अशा तालुक्याच्या जागा. देवापुढच्या समईत मात्र प्रवेश नाही. देवाला ताजं लागतं, खपवून घेतो तो माणूसच. शेवटी दाराची कुरकुरणारी बिजागरी आणि गच्चीवरचं गंजलेलं कुलूप. निवृत्ती अशी नाहीच.

अशा देशात २०१८ साली केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, तेलाचं निवृत्तीचं वय ठरवून दिलं. तेल तापलं, त्यात बटाट्याचं पाणी गेलं, हवा लागली की ते आतून मोडायला लागतं आणि त्यात काही नवी संयुगं तयार होतात. त्यांना एकत्रितपणे टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे टीपीसी, म्हणतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी संपलं, असा नियम १ जुलै २०१८ पासून आला. त्याच वर्षी १० ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, ‘रुको’ नावाची योजना आली. तिचा मथितार्थ असा की निवृत्त तेल कुणी गटारात ओतू नये, कुणाला खाऊही घालू नये. ते गोळा करावं आणि त्याचं बायोडिझेल करून गाडीत घालावं.

कल्पनेत खोट काढायला जागा नाही. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं आणि गाडीत घालतो ते तर बहुतेक सगळंच बाहेरून येतं. म्हणजे एका परदेशी तेलानं वडा तळायचा आणि दुसऱ्या परदेशी तेलावर तो वडा खायला जायचं. त्यातलं पहिलं तेल दुसऱ्याच्या जागी वापरता आलं, तर एक खेप वाचते. अडचण फक्त एवढीच, की त्यासाठी आधी कुणीतरी उठून सांगायला हवं, ‘माझ्याकडचं तेल खराब झालं आहे.’ हे वाक्य बोललेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

टीपीसी मोजायचं यंत्र असतं. लांब दांड्याचं. दांड्याचं टोक उकळत्या तेलात बुडवायचं, थोडं हलवायचं, की वर आकडा येतो आणि हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लागतो. आमच्या कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर अशा यंत्राचा विषय निघाला तेव्हा गाडीवाले अण्णा झाऱ्यानं चुरा बाजूला करत म्हणाले, “यंत्र कशाला? तेल खराब झालं की वडा सांगतो.”

“काय सांगतो?”

“खाली बसतो. वर येतच नाही.”

“मग तुम्ही काय करता?”

“ताजं ओततो. येतो मग वर.”

अण्णांचं तंत्र नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळ्या योजनेची गाडी इथेच अडते. कढईतलं तेल ते कधी काढत नाहीत. कमी झालं की भर घालतात. रोज बरंचसं तेल वड्यांबरोबर गिऱ्हाइकाच्या पोटात जातं, सकाळी त्याच्या जागी नवं येतं, आणि जुनं-नवं एकमेकांत असं मिसळून जातं की त्यात एखादा थेंब गाडी टाकली त्या दिवसापासूनचा असेल. कढईत तरंगणारा बेसनाचा चुरासुद्धा वाया जात नाही. तो पावात भरून विकला जातो आणि संपल्यावर लोक हळहळतात. अशा धंद्यात ‘दिवसअखेर टाकून दिलेले तेल’ या रकान्यात काय लिहायचं?

हो, रकाना आहे. रोज पन्नास लिटरपेक्षा जास्त तेल तळायला वापरणाऱ्यांनी नोंदवही ठेवायची, असा नियम १ मार्च २०१९ पासून लागू झाला. कुठलं तेल, तळायला किती काढलं, दिवसअखेर किती टाकलं, कधी, कुणाला दिलं, सगळं लिहायचं. आणि द्यायचं ते मान्यताप्राप्त गोळा करणाऱ्यालाच. हा आकडा जाहीर झाल्यापासून महाराष्ट्रात रोज एक्कावन्न लिटर तेल वापरणारा माणूस भेटणं दुर्मिळ झालं आहे. ज्याला विचारावं तो अठ्ठेचाळीसवर थांबतो.

खरं उरलेलं तेल असतं ते मोठ्यांकडे. फरसाणाचे कारखाने, वेफर्सवाले, मोठी हॉटेलं, कॅन्टीन. यांना दर काही दिवसांनी अख्खी कढई रिकामी करावीच लागते. पूर्वी हे तेल डब्यांत भरून मोठ्याकडून मधल्याकडे, मधल्याकडून धाकट्याकडे असं उतरत जायचं आणि शेवटी एखाद्या एसटी स्टँडबाहेरच्या भज्यांत प्रकट व्हायचं. ‘रुको’ला तोडायची होती ती ही उतरंड. म्हणून १० ऑगस्ट २०१९ ला तीन सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत अशा तेलापासून केलेलं बायोडिझेल विकत घ्यायची तयारी दाखवली आणि भावही बांधून दिला: पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२ रुपये ७० पैसे, तिसऱ्या वर्षी ५४ रुपये ५० पैसे. पुढच्या तीन वर्षांची वाढ पैशांसकट आधी सांगितलेली पाहून आमच्या ओळखीतल्या एका विनाअनुदानित शाळेतल्या सरांना भरून आलं होतं.

घरगुती तेलही गोळा व्हावं, म्हणून काही संस्था सोसायट्यांना कॅन देतात. आमच्या सोसायटीत सभेच्या पत्रिकेत हा विषय पाण्याची टाकी आणि पार्किंग यांच्या मध्ये घेतला होता, म्हणजे दोन युद्धांच्या मधला तह. सेक्रेटरींनी वाचून दाखवलं, “सभासदांनी घरातील टाकाऊ तेल गेटजवळ ठेवलेल्या कॅनमध्ये ओतावे.”

सभा गप्प. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “टाकाऊ तेल? तेल टाकतं कोण?”

प्रश्न साधा होता; पण त्यानंतर ‘आमच्याकडे आहे’ असं म्हणायची कुणाची छाती होणार? ज्या घरातून तेल टाकलं जातं, त्या घरात लक्ष्मी कशी टिकेल, असा भाव काकूंच्या चेहऱ्यावर होता. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी, आपल्याकडे एअर फ्रायर आहे, हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी, “आमच्याकडे तळलेलं चालतच नाही, ह्यांचं कोलेस्टेरॉल,” असं म्हणून काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहत होते. त्याच संध्याकाळी पाऊस पडला आणि जिना कांदाभज्यांच्या वासानं भरून गेला. पण वास कुठल्या मजल्यावरून येतो हे शोधायची सोसायटीच्या उपविधीत तरतूद नाही.

कॅन ठेवला. काही आठवड्यांनी गोळा करणारा मुलगा आला, त्यानं झाकण उघडून वाकून पाहिलं आणि वॉचमनला विचारलं, “यात लिंबू कुणी पिळलंय?”

तरी तेल कुठे जातं हे नळदुरुस्तीवाल्याला विचारा. मोरीत जातं. गरम असताना वाहतं, पुढे थंड झालं की पाइपाला आतून चिकटून बसतं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात अशा चरबीची एक गाठ सापडली: अडीचशे मीटर लांब, १३० टन वजनाची. तिच्यातल्या काही भागाचं बायोडिझेल केलं आणि एक तुकडा लंडनच्या संग्रहालयात काचेआड मांडला. लोक रांगा लावून पाहायला गेले. आपल्याकडे हे चॅम्बर उघडलं की फुकट दिसतं, पण रांग उलट्या दिशेनं लागते.

आता दुसऱ्या प्रकारचा माणूस, ज्याला तेल हवंच असतं. असा एक प्रत्येक गावात असतो; आमच्या ओळखीत निवृत्त केमिकल इंजिनियर आहेत. पेट्रोल पंपावरचा आकडा पाहिला की ते म्हणतात, “घरी करता येतं हो.” येतं, हे खरं आहे. तळलेलं तेल गाळायचं, उकळून त्यातलं पाणी घालवायचं. मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवायचा आणि ते मिश्रण पंचावन्न-साठ अंशांवरच्या तेलात घालून ढवळत राहायचं. शंभर लिटर तेलाला वीसेक लिटर मिथेनॉल. मग रात्रभर ठेवायचं. सकाळी खाली दाट, तपकिरी ग्लिसरीन बसलेलं असतं आणि वर पातळ, सोनेरी बायोडिझेल. नंतर ते धुवायचं आणि वाळवायचं. तेलात पाणी राहिलं किंवा तेल फारच जळकं असलं, तर बायोडिझेलऐवजी साबण तयार होतो. म्हणजे तेलही गेलं, मिथेनॉलही गेलं, हाती फेसाळलेलं धुपाटणं. हे ऐकून काकूंनी इंजिनियरसाहेबांना एवढंच विचारलं की साबणच करायचा असेल तर तो कपड्यांचा होईल की भांड्यांचा.

पण खरी अडचण साबणाची नाही, मिथेनॉलची. हातभट्टीत मिसळलं की माणसांचे डोळे आणि प्राण घेणारं रसायन ते हेच. ते विष आहे, शिवाय भडकन पेट घेतं. त्यामुळे ते बाळगायचं तर परवाना, साठवायचं तर नियम. ज्वलनशील पदार्थांच्या साठ्यावर देशभर नजर ठेवणारी पेसो ही संस्था नागपुरात आहे, म्हणजे उन्हाळ्यात ज्वलनशीलतेचा विचार आपोआप सुचावा अशा ठिकाणी. तयार मालाला आयएस १५६०७ हे मानक लागतं. आणि २०१९ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वाहनांसाठीचं बायोडिझेल विकायचं ते डिझेलमध्ये मिसळण्यासाठी. इंजिनियरसाहेबांनी हे सगळं वाचलं, चष्मा पुसला आणि ज्या सोसायटीनं आपल्याला बाल्कनीत कपड्यांचा स्टँड ठोकू दिला नव्हता तिच्याकडे मिथेनॉलच्या पिंपाची परवानगी मागण्याचा बेत सोडून दिला.

इंग्लंडात या बाबतीत सरकारचा हात सैल आहे. तिथे २००७ पासून वर्षाला अडीच हजार लिटरपर्यंत जैवइंधन करणाऱ्याला उत्पादन शुल्क माफ आहे; फक्त हिशेब लिहून ठेवायचा. पण हॉटेलातून जुनं तेल उचलून आणायचं म्हटलं की आपण कचरा वाहणारे ठरतो आणि तशी नोंदणी लागते. किती कचरा, कुणाकडून कुणाकडे गेला, याची चिठ्ठीही हवी. ही सवलत येण्याआधीची गोष्ट तर आणखी गमतीची. २००२ साली वेल्समधल्या लॅनेली गावात लोक सुपरमार्केटमधलं स्वस्त खाद्यतेल डिझेल गाडीत ओतून फिरत होते, कर न भरता. पकडायचं कसं? अधिकारी रस्त्यावर उभे राहिले आणि वास घेऊ लागले. ज्या गाडीच्या मागे तळलेल्या बटाट्याचा दरवळ, ती बाजूला. हा उपाय दादर स्टेशनबाहेर करून पाहावा. सगळ्या गाड्या, सगळे पादचारी आणि खुद्द अधिकारी बाजूला घ्यावे लागतील.

तेलावर इंजिन चालतं यात नवल काहीच नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो कंपनीनं एक लहान डिझेल इंजिन चक्क शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. ते इतकं सुरळीत चाललं की फारच थोड्यांच्या ते लक्षात आलं, असं पुढे खुद्द रुडॉल्फ डिझेलनं सांगितलं. आजचा शेंगदाणा तेलाचा भाव पाहता, तसं इंजिन चालवणाऱ्याच्या घरी आयकर खात्यानं यावं. शिवाय न शिजवलेलं, म्हणजे मिथेनॉलची प्रक्रिया न केलेलं तेल फार दाट. खोबरेलाची बाटली दिवाळीनंतर उन्हात ठेवावी लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. पामतेलही थंडीत तसंच थिजतं. म्हणून असे शौकीन गाडीत दोन टाक्या बसवतात: सुरुवात डिझेलवर, तेल तापलं की त्याच्यावर, आणि घरी पोचण्याआधी पुन्हा डिझेलवर. जुनी, दणकट इंजिनं हे सोसतात. आजच्या कॉमन रेल गाडीचा इंजेक्टर मात्र इतका नाजूक असतो की त्याच्या बदलीच्या बिलात वर्षभराचं गोडेतेल येईल.

काळ्या तेलाचं खातं वेगळं. गॅरेजमध्ये गाडीतून काढलेलं इंजिन ऑइल हे २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. ते नोंदणी असलेल्या पुनर्शुद्धीकरणवाल्यांकडेच जायला हवं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होईल हे पाहण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवरही आली आहे. प्रत्यक्षात ते स्लॅबच्या फळ्यांना लागतं, वाळवी लागलेल्या वाशांना लागतं, बैलगाडीच्या आसाला लागतं. आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात त्याचा एक उपयोग असा आहे, जो कुठल्याही अनुसूचीत सापडत नाही: निषेध म्हणून कुणाच्या तरी तोंडाला फासणं. शाई महाग, ऑइल फुकट. गुन्हा नोंदवताना पोलीस बरीच कलमं लावतात. घातक कचऱ्याची बेकायदा विल्हेवाट हे कलम लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तेलाच्या पिंपाकडे सरकार इतक्या संशयानं का पाहतं, असं इंजिनियरसाहेब विचारतात. त्याचं उत्तर हसण्यासारखं नाही. जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ इंधनातली भेसळ पकडायला गेलेल्या अपर जिल्हाधिकाऱ्यांना जिवंत जाळण्यात आलं. त्यानंतर भेसळीतलं रॉकेल मागे पडलं आणि हायवेच्या कडेला ‘बायोडिझेल’च्या पाट्या उगवल्या, ज्यांच्या टाक्यांत पुष्कळदा वडा पाहिलेलं तेल नव्हतंच, कारखान्यांत वापरायचं भलतंच तेल होतं. ट्रक त्यावर धावायचे, धूर काढायचे, आणि जैव म्हणावं असं त्यात ड्रायव्हर तेवढा असायचा. छापे पडले, पंप सील झाले. त्या गर्दीत खरोखर तळलेल्या तेलाचं बायोडिझेल करणारा सरळ माणूस प्रत्येक कचेरीत आधी ‘मी तो नव्हे’ हे सिद्ध करत बसतो.

आणि तळलेल्या तेलाकडे वळण्याआधी आपण मोगली एरंडाकडे वळलो होतो, हेही सांगायला हवं. इंग्रजीत जट्रोफा. नियोजन आयोगाच्या समितीनं २००३ साली त्याची भलामण केली, राष्ट्रपती अब्दुल कलामांनी पाठ थोपटली. पडीक जमिनीवर येतं, पाणी लागत नाही, शेळी तोंड लावत नाही, सगळं खरं. फक्त पाणी न देता पडीक जमिनीवर त्याला बिया पुरेशा येत नाहीत, हे नंतर कळलं. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवइंधन मिसळायचं ठरलं होतं. २०१८ च्या धोरणात ते २०३० पर्यंत पाच टक्के झालं, आणि प्रत्यक्षातलं मिश्रण एका टक्क्याच्याही खाली राहत आलं आहे. एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात ते आपल्याकडे सरकारी खर्चानं होऊन गेलं. तरी त्याच जट्रोफाचं तेल मिसळलेल्या इंधनावर २७ ऑगस्ट २०१८ ला डेहराडूनहून दिल्लीला एक विमान उडालं होतं, हे त्याच्या पदरात टाकायला हवं.

कारण आता तळलेल्या तेलाचीही स्वारी तिकडेच निघाली आहे. रस्त्यावरच्या गाडीपेक्षा विमान कंपन्यांना हे तेल जास्त हवं आहे; विमान बॅटरीवर उडवणं अवघड, आणि कार्बनचा हिशेब तर द्यायचा आहे. इंडियन ऑइलच्या रिफायनरीला २०२५ साली वापरलेल्या खाद्यतेलापासून विमानाचं इंधन करण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. ही रिफायनरी पानिपतला आहे. मराठी माणसाचं तेल पूर्वीही एकदा पानिपतावर निघालं होतं; या वेळी निदान रसद कमी पडू नये.

हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी झारा कढईवर आपटून निथळवला, चार वडे ताटात टाकले आणि थोडा वेळ विचार केला.

“म्हणजे माझ्या तेलावर विमान उडणार?”

“उडू शकतं.”

“आणि विमानात खायला काय देतात?”

“सँडविच. थंड.”

अण्णांनी मान हलवली. एवढ्या मोठ्या कंपन्यांना धंदा कळत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं असावं. मग कढईत पिशवीतलं ताजं तेल ओतत ते म्हणाले, “देऊ की. पण काढलेल्याच्या बदल्यात नवं देतात का, तेवढं विचारून सांगा.”